बिनआडनावाचा हुतात्मा

आमच्या जिल्ह्यात एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन पक्षांतल्या दोन पुढाऱ्यांचे आजोबा एकच आहेत. दोघांनाही वर्षभर याचा पत्ता नव्हता. त्या आजोबांना जन्म दिला मी, उस्मानपुऱ्यातल्या माझ्या घराच्या गॅलरीत, सकाळी सातच्या सुमारास, चहा गार होईपर्यंत.

माझा धंदा भाषणं लिहून देण्याचा. पोटासाठी एका सरकारी कचेरीत कारकुनी केली, तिथून हार-नारळ घेऊन बाहेरही पडलो. पण कचेरीतलं माझं नाव आता तिथल्या शिपायालाही आठवत नसेल. भाषणवाले नाना म्हटलं तर मात्र करमाडपासून लासूर स्टेशनपर्यंत कुणीही घर दाखवील. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या तोंडून बोललो. झेंडावंदन, भूमिपूजन, जयंती, सत्कार, शोकसभा. एका गृहस्थाच्या सत्काराचं भाषण मी लिहिलं, पुढं त्यांच्याच शोकसभेचंही लिहिलं, आणि दोन्हींत फक्त ‘आहेत’चं ‘होते’ केलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. गेलेल्यांच्या तर नाहीच.

बाहेरच्यांना वाटतं, भाषण लिहायचं म्हणजे छान छान वाक्यं लिहायची. तसं नसतं. भाषण डोळ्यांसाठी नसतं, फुप्फुसांसाठी असतं. साहेबांचा दम किती, दातांची कवळी बसवलीय का, उन्हात उभं राहायचंय की मंडपात, समोर बायका किती, शाळेची पोरं किती, सगळं आधी विचारून घ्यायचं. अक्षर मोठं, एका पानावर दहाच ओळी. जिथं टाळी यावी तिथं लाल पेन्सिलीची रेघ, म्हणजे साहेब थांबतील. जिथं पाणी प्यायचं तिथं निळी. ज्यांची जीभ जड, त्यांच्या भाषणात ‘स्वातंत्र्योत्तर’ घालायचं नाही. ‘देश मोकळा झाल्यावर’ म्हणायचं. आणि कंसात सूचना लिहायच्या नाहीत. हा नियम मी नंतर केला. त्याआधी एका हुतात्मा स्मारकाच्या कार्यक्रमासाठी मी कंसात ‘इथे गहिवरावे’ असं लिहिलं होतं. साहेबांनी ते भरदार आवाजात वाचलं. समोरच्या बायाबापड्यांना वाटलं, साहेब आपल्यालाच सांगतायत. पहिल्या रांगेतल्या दोघींनी इमानदारीत पदर डोळ्यांना लावला.

विचार म्हणाल तर माझे पक्के. देश, देव, भाषा, घराणं. क्रमावर वाद घाला, यादीवर नको. यामागं माझे वडील आहेत. ते निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकले. घरात मराठी, बाहेर उर्दू. बाकीचा देश मोकळा झाला तेव्हा आम्ही मराठवाड्याचे लोक अजून निजामाची रयत होतो. आमचा सूर्य तेरा महिने उशिरा उगवला. पुढं कचेरीचं काम मराठीत आलं, तेव्हा तिशी ओलांडलेला हा माणूस माझ्या शेजारी मांडी घालून माझ्याच पाटीवर जोडाक्षरं गिरवायचा. मी पहिलीत, ते नोकरीत. “दरख्वास्त गेली आणि अर्ज आला,” म्हणायचे, आणि मग हसून पुढं, “तोही तिकडचाच!” उर्दूवर त्यांचा राग नव्हता, मरेपर्यंत शेर म्हणत राहिले. पण आपल्या सरकारला आपल्या भाषेत पत्र लिहिता येणं ही काय चीज आहे, हे त्यांनी सही करताना मी पाहिलंय. सही झाली की ते कागद जरा लांब धरून बघायचे. देशाभिमान ही भाषणबाजी आहे असं कुणी म्हटलं, की मला तो लांब धरलेला कागद दिसतो. राष्ट्र काही आपण सकाळी उठून बनवत नाही. ते आपल्याला मिळतं, घराण्याचं नाव मिळतं तसं. सांभाळायचं आणि पुढं द्यायचं.

तर अशा कडव्या माणसाच्या हातून काय काय झालं ते सांगतो.

शहराचं नाव बदललं, छत्रपती संभाजीनगर झालं, तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले. त्या आनंदाच्या सभेचं भाषण अर्थातच माझ्याकडं आलं. जीव ओतून लिहिलं. आणि साठ-सत्तर वर्षांची हाताची खोड ती, दोन ठिकाणी जुनंच नाव पडलं. साहेबांनी तसंच वाचलं. मंडपात लोक एकमेकांकडं बघायला लागले. कडेला आमचे माईकवाले सलीमभाई उभे होते. तीस वर्षं माझ्या भाषणांना त्यांचाच आवाज. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “क्या नाना, बदलवला बी तुम्हीच, और भूले बी तुम्हीच? हम तो पाठ करके आये थे!”

आता ते आजोबा. लासूर स्टेशनच्या एका सत्ताधारी पुढाऱ्यानं सांगितलं, “नाना, आमच्या घराण्याचं दोन ओळी टाका की.” घराण्याविषयी विचारलं तर त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मग मी एक आजोबा बनवले. निजामाच्या काळात घराच्या माळवदावर चोरून मराठी शाळा चालवणारे, खडू नाही म्हणून कोळशानं भिंतीवर अक्षरं काढणारे. टाळ्या इतक्या पडल्या की पुढच्या वर्षी दुसऱ्या पक्षाच्या पुढाऱ्यानं तशीच मागणी केली तेव्हा मी तेच आजोबा, तेच माळवद, तोच कोळसा त्यांनाही देऊन टाकला. दोघं एकत्र कधी बोलणार नाहीत असं गृहीत धरलं. बाजार समितीच्या एकाच मंचावर दोघं पाठोपाठ बोलले, आणि पहिल्यांनी आवडलेले आजोबा पुन्हा काढले. दुसऱ्यांचा कोळसा भिंतीला लागताच एक अडत्या मोठ्यानं बोलला, “आरं, मग तुमी चुलतभाऊ लागता की! भांडता कशाला?”

लोक हसले, मीही हसलो. ही गोष्ट मी पुढं वीस वर्षं रंगवून सांगत होतो. एका बनावट आजोबानं कुणाचं काय बिघडतं, असं मला वाटायचं. हे असं वाटणं पुढं महागात पडणार होतं.

करमाडच्या पुढं आत चार-पाच किलोमीटरवर एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण त्या गावानं मला माफ केलंय आणि मी त्यांना दिलेला शब्द राखून आहे. आमच्या विचाराचे बापूसाहेब म्हणून एक पुढारी त्या भागातले. जुनं शेतकरी घराणं, आवाज मोठा, मन त्याहून मोठं, वाचनाचा तेवढा कंटाळा. सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, त्यांच्या हस्ते त्या गावात झेंडावंदन होतं. आदल्या दिवशी दुपारी त्यांचा फोन.

“नाना, त्या गावचा एखादा हुतात्मा टाका.”

“कोण झालंय तिथं हुतात्मा?”

“कोनीतरी असंलच की! गाव हाय म्हनल्यावर.”

चार माणसांना विचारायला हवं होतं. मी गॅलरीत गेलो. चहा गार व्हायच्या आत अठरा वर्षांचा किसन जन्मला, चावडीवर तिरंगा लावायला चढला आणि छातीवर गोळी झेलून पडला. पडताना झेंड्याचं टोक त्याच्या मुठीत ठेवलं. तीन लाल रेघा मारल्या. आणि एक हुशारी केली. किसनला आडनाव दिलं नाही. आडनाव दिलं तर त्या घरचा कुणी उठून म्हणेल, आमच्यात असा कुणी नव्हता. धंद्यातला मुरलेला माणूस मी, एवढं कळणारच.

भाषण झालं. सलीमभाईंनी फोनवर अहवाल दिला: “नाना, तीन की जगह पाच टाळ्या. औरतां रो रयी थी.” मी खूश.

आडनाव न दिल्याचा परिणाम मात्र उलटाच झाला. किसनला नाकारणारं कुणी निघालं नाही, हे खरं. पण त्याच्यावर हक्क सांगणाऱ्या तीन भावक्या निघाल्या. वेशीकडची भावकी म्हणे आमचा, मळ्याकडची म्हणे आमचा, ओढ्याकडची म्हणे त्याचं आजोळ आमच्याच घरात. शाळेच्या गॅदरिंगमध्ये किसनवर नाटुकलं झालं. एका मुलीनं तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत त्याच्यावर बोलून बक्षीस मिळवलं, तेही माझीच वाक्यं घेऊन. आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामसभेनं ठराव केला: चावडीसमोर हुतात्मा किसनचा स्तंभ उभारायचा, अनावरण सतरा सप्टेंबरला, हस्ते बापूसाहेब. दगड घडवायला टाकला. त्यावरचा मजकूर कुणी लिहायचा? नानांनी. सरपंच स्वतः पेढे घेऊन घरी आले.

“नाना, आडनाव काय कोरायचं, त्येवढं तुमीच ठरवा. तुमाला हिस्ट्री ठावं. तीनी भावक्या तुमचं ऐकत्याल.”

पेढा माझ्या टाळ्याला चिकटला तो दोन दिवस सुटला नाही.

कागदावरचं भाषण संध्याकाळी भेळवाल्याकडं जातं. दगड जात नाही. नातवंडं-पतवंडं तिथं फूल वाहणार, आणि ते फूल मी गॅलरीत बसून ठोकलेल्या एका थापेच्या पायाशी पडणार. इतिहास म्हणजे ज्याची त्याची बाजू, खरं-खोटं काही नसतं, असं म्हणणाऱ्या लोकांशी मी आयुष्यभर भांडलो. आमच्या पूर्वजांनी खरंच सोसलं, खरंच केलं, ते तुम्ही गोष्ट म्हणून उडवून लावू नका, हे मीच ओरडून सांगायचो. आणि खोटी गोष्ट रचून विकणारा कोण निघाला? उद्या कुणी त्या दगडाकडं बोट दाखवून म्हणालं, बघा, यांचे हुतात्मे असे असतात, तर खऱ्या हुतात्म्यांनाही ते बोट लागणार होतं. माझ्यामुळं.

बापूसाहेबांना घरी बोलावून सांगितलं. ते पांढरे पडले.

“नाना, लिव्हताना बोलायचं व्हतं! मी त्याच्यावर रडलोय!”

“तुम्ही खरंच रडलात?”

“मग? तुमी लिव्हलंच तसं.” मग म्हणाले, “दगड बसू द्या. मंजूर केलेला रस्ता परत घेता येतो, नाना. हुतात्मा परत घेता येत नाय. माझं तोंड काळं व्हईल.”

“तुमचं नाही होणार. मी उभं राहून सांगेन की माझं काम आहे.”

“तुमी?” त्यांना त्या स्थितीतही हसू आलं. “तुमाला माईकपुढं कदी पाह्यलं नाय.”

ते खरं होतं. चाळीस वर्षांत मी एकदाही मंचावर बोललो नव्हतो. कचेरीतल्या माझ्या निरोपाच्या समारंभात मी उभा राहिलो, ‘धन्यवाद’ म्हटलं आणि खुर्ची समजून तबल्यावर बसलो.

बापूसाहेब जाताना दारात थांबून म्हणाले, “गावाला काय देणार त्याच्या बदल्यात? मोकळा दगुड?”

तो प्रश्न बरोबर होता. म्हणून मी सलीमभाईंच्या टेंपोत बसून त्या गावाला गेलो. वर्षापूर्वी फोनवर विचारायला हवं होतं ते विचारायला.

पहिल्यांदा गाठले ओढ्याकडच्या भावकीचे लक्ष्मणतात्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, गावातले सगळ्यात जाणते. लिंबाखाली बाजेवर बसले होते. किसनचं नाव काढताच ताठ झाले.

“किसन माझा आतेभाव. उजव्या गालावर तीळ व्हता. आवाज असा, वाघावानी.”

मी सलीमभाईंकडं पाहिलं. तीळ मी घातला नव्हता.

“तात्या, गोळी कुठं लागली?”

“छातीवर. झेंड्याचं टोक हातातच ऱ्हायलं त्याच्या.” आणि डोळे पुसले.

लिहिणाऱ्याला याहून मोठी दाद मिळत नाही आणि याहून मोठी शिक्षाही. सलीमभाई पुटपुटले, “नाना, ये तो आप से बी बढिया लिखते.”

तात्यांपुढं तोंड उघडायची हिंमत झाली नाही. तिथून आम्ही मळ्यात गेलो. तिथं कौसाबाई राहतात, पंचाऐंशीच्या पुढच्या. माहेर आणि सासर दोन्ही याच गावात, एका भावकीतून दुसरीत दिलेल्या. पत्र्याच्या शेडसमोर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी विचारलं, किसन आठवतो का?

“कोन किसन?”

“चावडीवर झेंडा लावताना गोळी लागलेला.”

“नाय बा. आमच्या गावात कोनी मेलं नाय. सर्व्यांनी गूळ खाल्ला.” मग माझ्याकडं नीट बघत म्हणाल्या, “शाळंतल्या पोरी सांगत्यात त्यो व्हय? म्या म्हनलं असंल दुसऱ्या गावचा. पन चावडीवर मी व्हते की. झेंडा माज्या आयेनं शिवला.”

शेंगा फोडता फोडता त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचे मामा मळ्याकडच्याच भावकीतले, पण पोटासाठी नगरकडं राहायला गेलेले. तिकडं इंग्रजांचं राज्य होतं, त्यामुळं तिकडं आधी झेंडा लागला, तो मामांनी पाहिला आणि बहिणीला येऊन सांगितलं: वर भगवं, मधे पांढरं, खाली हिरवं, मधोमध चाक. बहीण म्हणाली, आपण पण शिवून ठेवू, आपल्याला लागंल. इकडं तिरंगा घरात सापडणं म्हणजे संकट. तरी शिवला. भगवा तुकडा देवळाच्या जुन्या निशाणाचा, पांढरा धोतराचा.

“बा बोंबलत व्हता, माजं नवं धोतर फाडलं म्हनून. हिरवा माज्या आयेच्या चोळीच्या खनाचा. आन् चाक... निळा दोरा न्हवता घरात. काळाच घातला.”

“चाकाला आरे किती?”

“तेच तर. मामाला इचारलं, आरे किती? त्यो म्हनला, पाह्यलं पन मोजलं नाय. मग आयेनं मला गोठ्यात धाडलं, आपल्या बैलगाडीचं चाक मोजून ये म्हनली. बारा व्हते. बारा घातले.”

झेंडा तेरा महिने ज्वारीच्या कणगीत, दाण्यांच्या खाली राहिला. सतरा तारखेनंतर दोन दिवसांनी गावात बातमी आली. चावडीवर काठी नव्हती. त्यांच्या आईनं घरची गुढीची काठी आणून दिली. त्या काठीवर झेंडा चढला, गूळ वाटला. पुढं दोन-तीन वर्षं तोच लावायचे. मग ठाण्यावरून चांगला झेंडा आला आणि जुना विरून गेला.

“तुझ्या आईचं नाव काय, आजी?”

“राधा. का रं बाबा?”

माझ्या हातातल्या शेंगेचं टरफल मी चावत होतो, हे सलीमभाईंनी सांगितल्यावर कळलं. गोळी नव्हती, रक्त नव्हतं, म्हणून मला या गावात काही घडलंच नसणार असं वाटलं होतं. आणि इथं एका बाईनं आपली चोळी, नवऱ्याचं धोतर आणि देवाचं निशाण एकाच कापडात शिवून तेरा महिने दाण्याखाली ठेवलं होतं. देव, घर, देश. भाषा सोडली तर माझी यादी तिनं माझ्या जन्माआधीच टाके घालून पक्की केली होती. मी चाळीस वर्षं लाल पेन्सिलीनं रेघा मारत बसलो होतो.

पण एकदा भाजलेला मी. ऐकलं आणि लिहिलं, असं आता करायचं नव्हतं. कौसाबाई आपल्या आईचं चांगलंच सांगणार. ज्याला हे मान्य करणं जड जाईल अशा माणसाकडून खात्री हवी होती. म्हणून परत लक्ष्मणतात्यांकडं. या वेळी बाजेच्या कडेला बसून आधी सगळं कबूल केलं. तुमचा आतेभाऊ मी बनवला, तात्या. तीळ तेवढा तुमचा.

तात्यांनी बाजेला टेकवलेली काठी हातात घेतली. मला वाटलं उगारतात. मग त्यांनी विचारलं, “मळ्यातनं आलास नव्हं? त्या राधाकाकूच्या झेंड्याचं कोन बोललं तुला?”

कौसाबाईंचं नाव मी घेतलं नाही. फक्त विचारलं, “चाक कसं होतं त्याचं?”

“काळं,” तात्या म्हणाले. “बारा आऱ्यांचं. आमचा बाप लई हसला व्हता. म्हनला, राधानं देशाला बैलगाडी जुंपली.” मग जमिनीकडं बघत म्हणाले, “आमच्या घरातनं तवा कोनी गेलं नाय चावडीवर. भ्यालो. म्हनून तुजा किसन आला तवा बरं वाटलं मला.”

लक्ष्मणतात्यांना मी तिथंच नमस्कार केला. मान्य करायला मला एक वर्ष लागलं होतं, त्यांना पाच मिनिटं.

सतरा सप्टेंबरला सकाळी झेंडावंदन झालं. दगड कापडाखाली झाकलेला. त्यावर अजून एक अक्षर कोरलेलं नव्हतं. मजकूर नक्की व्हायचाय म्हणून पाथरवटाला मी थांबवून धरलं होतं. मंडपात तिन्ही भावक्या तीन बाजूंना. कौसाबाई पुढच्या खुर्चीत, नव्या लुगड्यात. बापूसाहेबांनी माझ्याकडं न बघताच जाहीर केलं की, आज आपले नाना बोलणार आहेत.

मी रात्रभर नाही, आठवडाभर खपून भाषण लिहिलं होतं. मोठं अक्षर, दहा ओळींचं पान. माईकपुढं उभा राहिलो, कागद काढला, आणि घामानं चष्मा असा धुरकटला की माझंच अक्षर मला दिसेना. पुसायला हात वर केला तर कागद खाली पडला आणि वाऱ्यानं मंचाखाली गेला. कडेला सलीमभाई. हळूच म्हणाले, “नाना, माईक चालू है. अब तो बोलो.”

बोललो. काय बोललो ते नीट आठवत नाही. एवढं आठवतं की पहिलं वाक्य होतं: “किसन नावाचा कुणी नव्हता, तो मी बनवला, बापूसाहेबांना माहीत नव्हतं.” मंडपातून असा आवाज आला की जणू सगळ्यांनी एकदम श्वास ओढला. मागून एक तरुण ओरडला, “मग वरीसभर आमाला येडं बनवलं व्हय?” मी म्हटलं, “व्हय.” दुसरा उठला. वेशीकडचे चौघं उठून चालायला लागले. माईकची दांडी मला धरून होती की मी तिला, सांगता येत नाही. तरी काळा दोरा सांगितला, बारा आरे सांगितले, गुढीची काठी सांगितली. टाळीची एकही जागा ठरवलेली नव्हती आणि एकही टाळी आली नाही.

मग लक्ष्मणतात्या उठले. जागेवरूनच, माईक न घेता म्हणाले, “चाक बाराच आऱ्यांचं व्हतं. म्या पाह्यलंय. आमचं घर त्या दिशी चावडीवर नव्हतं, हे बी खरं हाय.” आणि खाली बसले. चालत निघालेले वेशीकडचे चौघं थांबले.

बापूसाहेब माझ्या शेजारी आले. मला वाटलं, आता ते मला बाजूला सारतील. त्यांनी माईक घेतला आणि पहिल्यांदा माझ्याविना बोलले. “म्या खोट्यावर रडलो, ते माझं मी बघीन. पन आज खरं ऐकून रडू आलं, ते नानानं लिव्हलेलं नाय.” एवढंच. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण, आणि माझ्या आजवरच्या सगळ्या भाषणांपेक्षा बरं. याचं मला जे वाईट वाटलं ते कबूल करतो.

सरपंचांना अजून कामाची काळजी. “मग दगडावर राधाबाईचं आडनाव कोनतं घालायचं? म्हायेरचं का सासरचं?” झालं. तिन्ही बाजूंनी माना वर झाल्या. वेशीकडच्यांचं म्हणणं, ती आमच्यात नांदली. मळ्याकडच्यांचं, ती आमची लेक. मी डोळे मिटून घेतले.

कौसाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, “आडनाव नगं घालू. माज्या आयेनं त्यो झेंडा शिवला तवा कोनाचं आडनाव इचारलं नव्हतं.” आणि माझ्याकडं बोट करून, “आन् तू रं, या टायमाला नीट लिव्ह.”

मी नीट लिहिलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात छोटा मजकूर: राधाबाई, यांनी या गावाचा पहिला तिरंगा शिवला. पाथरवट म्हणाला, वर चाक काढतो, चोवीस आऱ्यांचं. मी म्हटलं, बारा. तो म्हणाला, चुकेल, लोक हसतील. मी म्हटलं, हसू दे, गाव उत्तर देईल.

तसंच होतं. दर वर्षी सतरा सप्टेंबरला एखादा शिकलेला पाहुणा दगडाशी वाकतो, बोटानं मोजतो आणि सरपंचांना बाजूला घेऊन सांगतो, अहो, आरे चुकलेत तुमच्याकडं. मग शेजारी जी मुलगी उभी असेल ती पुढं होते आणि सगळं सांगते: मामा, धोतर, काळा दोरा, गोठ्यातलं चाक. वक्तृत्व स्पर्धेची जुनी बक्षीसवालीही आता हेच सांगते. मी एकदा मागं उभा राहून ऐकलं. तिला मी एक अक्षर लिहून दिलेलं नव्हतं, आणि सांगता सांगता जिथं ती थांबली, मी असतो तर नेमकी तिथंच लाल रेघ मारली असती.